पुरलेल्या नळांतून झाडाच्या मुळांस पाणी

सन २०१२-१३ च्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. अशा वर्षी टँकरने आणलेले पाणी आळ्यात ओतल्यास त्याचा बराच भाग उन्हाने उडून जातो. त्याऐवजी ते जमिनीखाली सोडावे.

याकरिता ४ इंच व्यासाच्या प्लॅस्टिक नळाचे २ फूट लांबीचे तुकडे घ्यावेत. जाड वेळूही चालतो. मात्र त्याच्या पेरांचे पडदे पहारीने फोडावे लागतात व तो लवकर कुजतो. तुकड्याच्या खालच्या निम्म्या भागास भोके पाडावीत. दर झाडास ४ नळ फांद्यांच्या घेराखाली उभे पुरावेत व तळाशी खडी घालावी. खोडाजवळ नळ मुळीच नको. तेथे पाणी शोषणारी तंतुमुळे थोडी, शिवाय खोडाशी सतत ओल राहिल्यास डिंक्या रोग बळावतो. नळाचे तोंड दोन बोटे वर ठेवून करवंटीने झाकावे, नाहीतर उंदीर व पालापाचोळा आत जातो.

चारही नळांत मिळून एका वेळी २० लिटरांच्या आतच पाणी मावते. मोठ्या झाडाची उन्हाळ्यातील गरज याहून पुष्कळ अधिक असते. तेव्हा हा झाड जगविण्याचा उपाय समजावा; त्या वर्षी बहार धरू नये.