पेनड्राइव्हमधला व्हायरस आणि आपला हिशेब

मार्चअखेर आला की आपल्या प्रभागसंघांचे पेनड्राइव्ह फिरायला लागतात. मुरबाड-शहापूरच्या कार्यालयातून कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या झेरॉक्स दुकानात, तिथून लेखापरीक्षकाकडे आणि परत आपल्या कॉम्प्युटरला. दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभरात कितीजणांचे पेनड्राइव्ह लागतात, हे स्टेशनजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. डोळे येण्याची साथ पसरते, तसाच हा व्हायरस पसरतो.

नेहमी भेटणारा प्रकार म्हणजे शॉर्टकट व्हायरस. 'कर्ज खतावणी' नावाचं फोल्डर जागेवर दिसतं, पण त्याच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो आणि टाइपच्या रकान्यात 'शॉर्टकट' लिहिलेलं असतं. हा तोतया! खरं फोल्डर व्हायरसने लपवलेलं असतं. तोतयावर क्लिक केलं की कधी कधी आतल्या फाइलीही उघडतात. आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, पण त्याच क्लिकने व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरतो. पूर्वी पेनड्राइव्ह नुसता लावला तरी व्हायरस आपोआप चालू व्हायचा. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजलाही अपडेट देऊन ती सोय बंद केली. म्हणून आता अशा व्हायरसला आपल्याच हाताचं क्लिक लागतं, आणि त्यासाठी हे सोंग.

पण खरं नुकसान घाईने होतं. "फाइली गेल्या" म्हणून कोणीतरी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून टाकतं आणि मग सगळ्या गटांची वसुली वह्यांवरून पुन्हा भरत बसावं लागतं. फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, नुसत्या लपलेल्या असतात. आधी त्या बाहेर काढायच्या, फॉरमॅट नंतर.

अँटिव्हायरस अपडेट असलेल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावा. विंडोज १० किंवा ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असतोच, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा आणि सापडेल ते काढून टाका. एवढ्यावर फोल्डर दिसेलच असं नाही. मग स्टार्टमध्ये 'फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स' शोधा. तिथे 'व्ह्यू' मध्ये 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' व 'हाइड एक्स्टेन्शन्स' या दोन्हींवरची टिक काढा. इशारा येईल, घाबरायचं नाही, 'येस' करा. आता फिकट रंगाची फोल्डर दिसतील. कधी सगळा माल एकाच बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, तेही उघडून बघा. फक्त एक्सेल, वर्ड, पीडीएफ आणि फोटो कॉम्प्युटरवर घ्या. शेवटी ईएक्सई, व्हीबीएस किंवा एलएनके असलेली फाइल घ्यायची नाही, नाव आपल्या गटाचं असलं तरी. घेतलेल्या फाइली उघडून आकडे तपासा, मगच फॉरमॅट करा. नंतर त्या दोन टिका परत लावायला विसरू नका.

फॉरमॅट करूनही बाण परत आले, तर दुखणं कॉम्प्युटरमध्येच आहे. चालू कामं सेव्ह करून 'विंडोज सिक्युरिटी' मधून ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात. मध्येच बंद करू नका.

हे दुखणं काही नवीन नाही. पेनड्राइव्हच्या आधी फ्लॉपीतून हेच व्हायचं. पुण्यात रेडिओ आणि कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरसवर उतारा लिहिला आणि त्यातूनच क्विक हील उभी राहिली.

दुकानासाठी वेगळा, स्वस्तातला पेनड्राइव्ह ठेवा. त्यात छापायची पीडीएफ तेवढीच. परत आल्यावर काहीही न उघडता तो फॉरमॅट करायचा. हिशेबाचा पेनड्राइव्ह कपाटातून बाहेर जाणार नाही, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या जागी असेलच. काही ताई दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतात. पेनड्राइव्हचा त्रास वाचतो खरा, पण सदस्यांची आधार कार्डं आणि पासबुकं त्याच्या मोबाइलमध्ये राहतात. मला ते पटत नाही.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर व्हायरस काढायची मोफत साधनं मिळतात. आणि कार्यालयातल्या विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपली असेल, तर पैसे भरा किंवा तो काढून टाका. काढला की डिफेंडर चालू होतो, तो झाला का ते मात्र बघून घ्या.