घरातील शुश्रूषेची पारख

विनयपिटकातील महावग्गाच्या आठव्या खंधकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने पीडित झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदासह फेरी घालीत असता भगवान बुद्धांनी त्यास पाहिले. तुला काय होते आहे, तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय, हे त्यांनी प्रथम त्या भिक्खूलाच विचारले. मग बुद्धांनी पाणी ओतले, आनंदांनी अंग धुतले व दोघांनी त्यास उचलून मंचकावर निजविले.

करुणेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग आपण नेहमी ऐकतो. परंतु त्याच ठिकाणी पुढे चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे दिली आहेत, तिकडे आपले लक्ष कमी जाते. औषध तयार करता येणे. पथ्य व अपथ्य ओळखून त्याप्रमाणे देणे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न मानणे. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करणे. शुश्रूषा मोजता येते, एवढी गोष्ट यातून स्पष्ट होते.

आज हा विषय आपल्या घरात येऊन पोहोचला आहे. पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे, स्मृतिभ्रंश अशा कारणांनी अंथरुणाला खिळलेले वडीलधारे वस्त्या-चाळींपासून सोसायट्यांपर्यंत सर्वत्र आहेत. त्यांना आंघोळ घालणे, लघवी-शौचास नेणे, कपडे बदलणे, भरविणे, तोंडाची व त्वचेची निगा राखणे ही कामे सून-लेक करते, नाहीतर ब्युरोतून बारा तासांची मावशी येते. इस्पितळात निदान राउंड तरी होतो. घराचे दार लागले की आत काय चालते ते पाहणारा कोणी नसतो.

अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन या वैद्याने १९६६ साली वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तपासण्याच्या तीन बाजू मांडल्या. साधने काय आहेत, काम कसे केले जाते आणि रुग्णावर परिणाम काय झाला. विद्यार्थ्यांनी ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण आपण बहुधा दुसऱ्या बाजूवरच थांबतो. वहीत 'अंग पुसले, जेवण दिले' अशी नोंद असली म्हणजे आपले समाधान होते. परंतु वही ही काम करणाऱ्याने लिहिलेली असते. परिणाम रुग्णाच्या अंगावर लिहिलेला असतो.

म्हणून पारख करणाराने प्रथम त्वचा पाहावी. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर या जागी सतत भार पडतो. तेथे लाली दिसल्यास बोटाने दाबून पाहावे. दाबल्यावर जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. फिकी पडतच नसेल तर बेडसोअरची सुरुवात झाली असे समजावे व डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडील सावळ्या-काळ्या वर्णावर ही लाली सहज दिसत नाही. इंग्रजी पुस्तकातील चित्रे येथे फसवितात. अशा वेळी हाताने चाचपावे. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक अथवा दुखरी लागते. साधारण दोन तासांनी कूस बदलावी असा प्रघात आहे. ती बदलली जाते की नाही, हे वहीपेक्षा टाच अधिक खरे सांगते.

दुसरी खूण पाण्याची. जीभ कोरडी, लघवी गडद व थोडी असेल तर पाणी कमी जाते आहे. बरेच वृद्ध हेतुपुरस्सर पाणी पीत नाहीत, कारण वारंवार बेडपॅन मागणे त्यांना लाजिरवाणे वाटते. तांब्या भरून उशाशी ठेवलेला असतो, पण हात तेथवर पोहोचतो का, हे कोणी पाहत नाही.

तिसरे म्हणजे रुग्णास विचारणे, आणि तेही एकांतात. मावशी समोर उभी असता 'नीट करतात ना?' असे विचारले तर उत्तर 'हो' असेच येणार. ज्याच्या हातून उद्या अंग धुऊन घ्यायचे आहे त्याच्याविरुद्ध कोण बोलेल? त्यापेक्षा 'आज आंघोळ किती वाजता झाली, पाणी कोमट होते का, दार लावले होते का' असे विचारावे. जे बोलू शकत नाहीत त्यांचे अंग पाहावे. हात जवळ येताच माणूस अंग चोरतो, डोळे मिटून घेतो, यालाही साक्ष मानावी.

इंग्लंडमध्ये घरी जाऊन अशी सेवा देणाऱ्या संस्थांची तपासणी २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन करते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेला धावून येते का आणि कारभार नीट आहे का, असे तिचे पाच प्रश्न आहेत. तरीही तेथे पंधरा मिनिटांच्या भेटींचा प्रश्न गाजला. पंधरा मिनिटांत वृद्धेस उठविणे, धुणे, कपडे घालणे व न्याहारी देणे मनुष्याला शक्य नाही. २०१५ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने अर्ध्या तासाहून कमी वेळेची भेट अपवादानेच असावी असे सांगितले. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांविषयीचा २००७ चा कायदा आहे. त्यातील दुरुस्तीसाठी २०१९ साली आलेल्या विधेयकात घरपोच सेवेला किमान मानके लावण्याची तरतूद होती, पण ते मंजूर झाले नाही. तोवर पाहण्याची जबाबदारी नातलगांची व शेजाऱ्यांची.

येथे एक अन्याय टाळला पाहिजे. साधने न देता कामाचा हिशेब मागणे योग्य नव्हे. जड माणसाची कूस एकट्या बाईने बदलावी, अंगाखाली ओढण्यासाठी आडवी चादरही नसावी, आणि व्रण झाला की तिलाच बोल लावावा, हे घरोघर घडते. घरच्या सुनेची अवस्था तर याहून बिकट. तिला ना पगार, ना सुट्टी, ना बदली. म्हणून पारख करावयास गेलेल्याने तिलाही एक प्रश्न विचारावा, की रात्री किती वेळा उठावे लागते? उत्तर चार-पाच वेळा असे आले तर इतर काही सुचविण्याआधी, आठवड्यातल्या कोणत्या रात्री दुसरे कोण जागणार, हे घरातल्या पुरुषांना समोर बसवून ठरवून घ्यावे.