गिनीपिगची आजारपणं

आपल्याकडे सिलॅबस बदलला की पहिलं वाक्य कानावर येतं, "आपली बॅच म्हणजे गिनीपिग!" मग चहाच्या टपरीवर यावर अर्धा तास चर्चा. पण खरा गिनीपिग आपल्यापैकी किती जणांनी हातात घेतलाय? हल्ली मुंबई-पुण्यातच नाही, नाशिकसारख्या शहरातही घरोघरी हा प्राणी दिसायला लागलाय. माझ्या मावशीकडे एक आहे, नाव लाडू. त्याच्या निमित्ताने मी जे वाचलं आणि डॉक्टरांकडून जे ऐकलं ते इथे लिहितेय. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, संपादकांनी सांभाळून घेतलंय.)

आधी ओळख. हा ना गिनी देशाचा, ना डुकराचा नातेवाईक. तो उंदीर-खारीच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला. मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, पेरू-बोलिव्हियाकडचा भाग. तिथे त्याला हजारो वर्षांपासून खाण्यासाठी पाळतात. थंड हवा आणि दिवसभर गवत, एवढ्यावर त्याचं शरीर बेतलेलं आहे. त्याची बरीचशी 'विचित्र' आजारपणं इथूनच सुरू होतात.

गेल्या वर्षी लाडू अचानक चालेनासा झाला. कोपऱ्यात बसून राहायचा, उचललं की ओरडायचा, मागचे पाय ओढत जायचा. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. काका म्हणाले पडला असेल, आजी म्हणाली लकवा, मावसभाऊ तर रडायलाच लागला. व्हेटने पाय दाबून पाहिले, सुजलेले सांधे दाखवले आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?" उत्तर होतं काकडी, गाजर आणि दुकानातून सुट्ट्या आणलेल्या, किती जुन्या ते माहीत नसलेल्या पेलेट्स. डॉक्टर म्हणाले, "याला स्कर्व्ही झालाय."

स्कर्व्ही! शाळेत आपण तो जहाजावरच्या खलाशांचा रोग म्हणून पाठ केला होता. बहुतेक प्राणी व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात बनवतात. कुत्रा बनवतो, मांजर बनवते, उंदीरसुद्धा बनवतो. त्यासाठी लागणारं शेवटचं एन्झाइम गिनीपिगमध्ये नाही, आणि आपल्यातही नाही. बाकी सगळी असेंब्ली लाइन ठीक, फक्त शेवटचं मशीन बंद! म्हणून रोज बाहेरून सी मिळालं नाही तर दोन-तीन आठवड्यांत त्रास दिसायला लागतो. सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, केस राठ होतात, जखम भरत नाही.

गंमत म्हणजे विज्ञानाला हे कळलं तेही योगायोगाने. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे दोघे बेरीबेरीचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य खाऊ घातलं आणि बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. पुढे 1930 च्या सुमारास सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत व्हिटॅमिन सीची खात्री पटली तीही याच प्राण्यावर, आणि त्यांना 1937 साली नोबेल मिळालं.

उपाय तसा स्वस्त आहे. किलोभर वजनाच्या गिनीपिगला रोज साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम सी लागतं. ढोबळी मिरचीचा एक बऱ्यापैकी तुकडा, थोडी कोथिंबीर, एवढ्यात काम होतं. पेरूतही सी भरपूर, पण तो गोड असल्यामुळे छोटीशी फोडच पुरे. (पेरू देशातल्या प्राण्याला पेरू हवा, हा पीजे मावसभावाचा.) पाण्यात थेंब टाकायची पद्धत मात्र फारशी उपयोगाची नाही. पाण्यात सी लवकर खराब होतं, शिवाय चव बदलली की हे महाशय पाणीच कमी पितात. पेलेट्समधलं सीही साठवणुकीत कमी होत जातं, म्हणून तारीख बघून छोटं पाकीटच घ्यावं. लाडूला डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, नंतर सिरिंजने तोंडातून डोस. आठवड्याभरात तो चालायला लागला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉस्टेलवर आपल्या प्रत्येकाच्या कपाटात उरलेल्या गोळ्यांची एक पिशवी असते. सर्दी झाली, घे अमॉक्सिसिलिन. हाच प्रकार मावशीच्या सोसायटीत एका घरी झाला. गिनीपिग शिंकत होता म्हणून लहान मुलीचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप त्याला पाजलं. आधी जुलाब लागले आणि काही दिवसांत तो गेला. त्या मुलीला अजून वाटतं की तो सर्दीने गेला.

असं का होतं? गिनीपिगच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सीकम नावाची मोठी पिशवी असते. तिथले जिवाणू गवत आंबवून पचवतात. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन अशी औषधं पोटात गेली की हे कामाचे जिवाणू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम वाढतं आणि त्याचं विष प्राण्याला मारतं. माणसाला ज्या औषधाने बरं वाटतं तेच याला घातक. त्याला चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी आहेत आणि ती व्हेटनेच ठरवायची. केमिस्टला विचारून नाही, आणि मेडिकलला असलेल्या मित्राला फोन करून तर नाहीच.

दातांचं प्रकरणही असंच. त्याचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. गवत कमी पडलं की खालच्या दाढा आत झुकून जिभेवर कमानीसारख्या येतात. प्राणी खाण्याजवळ धावत येतो, हुंगतो, पण खात नाही. हनुवटी लाळेने ओली राहते. घरचे म्हणतात नखरे करतोय! प्रत्यक्षात तो उपाशी असतो. बारा तासांहून जास्त काही खाल्लं नाही तर थांबूच नये, कारण त्याचं आतडं थांबलं की पुन्हा सुरू करणं कठीण जातं.

लसूणघास पौष्टिक म्हणून रोज घालणारेही आहेत. वाढत्या पिल्लांना ठीक, पण मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि मुतखड्याचा धोका वाढतो. लघवीत रक्त, लघवी करताना ओरडणं, ही खूण. मोठ्यांना साधं वाळलेलं गवत, हवं तेवढं.

अतिशय खाजवून फिट आल्यासारखं करत असेल तर बहुधा खरजेचे किडे. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळले तर अंडाशयातल्या गाठी. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी एप्रिल-मे सांभाळा, तिशीच्या पुढचं तापमान त्याला सोसत नाही.

उलट काही गोष्टींना उगाच घाबरू नये. डोळ्यातून कधीतरी दुधासारखा पांढरा थेंब येतो, तो चेहरा धुण्यासाठी असतो. स्वतःची लेंडी खाणं हे त्याच्या पचनाचाच भाग आहे. आणि मक्याच्या लाहीसारखा जागच्या जागी उडाला तर तो खूश आहे.

हा शिकार होणारा प्राणी, म्हणून दुखणं लपवतो. मेकॅनिकलवाल्यांना प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स वेगळं सांगायला नको. किचनमधल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहायचं. नऊशे ग्रॅमचा आठशे दहावर आला, म्हणजे दहा टक्के गेले, की त्याच दिवशी डॉक्टर. साध्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांचीच सवय असते, तेव्हा आधी फोन करून गिनीपिग बघतात का ते विचारा. नाहीतर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा. जाताना खोक्यात त्याच्या सवयीचं गवत टाका, वजनाची वही घ्या आणि आदल्या रात्रीच्या लेंड्या कागदात बांधून न्या. लाजू नका, डॉक्टर त्या मागतातच.