कोसळलेल्या बांधकामाची साक्ष

पणजी येथील मांडवी नदीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात कोसळला. १९७० साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल जेमतेम १६ वर्षे टिकला. नवा पूल १९९२ साली खुला होईपर्यंत नदी ओलांडण्यासाठी जनतेस फेरीबोटींचा आधार घ्यावा लागला.

पाऊस सर्वांस दिसत होता. दोष मात्र आत दडलेला होता. काँक्रीटमध्ये ताणून बसविलेल्या पोलादी तारा गंजणे हे या दुर्घटनेचे प्रमुख कारण मानले जाते. अशा बांधकामात तुळई बाहेरून धड दिसते आणि आतील तार झिजत जाते. हे दडलेले कारण शोधून ते न्यायालयापुढे मांडणे, हेच न्यायसहायक अभियंत्याचे कार्य होय.

तुटलेल्या तारेचे टोक बरेच काही सांगते. भार असह्य होऊन तुटलेली तार टोकाशी ताणून बारीक झालेली असते. गंजलेल्या तारेवर खड्डे आढळतात. काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव शिंपडल्यास निकोप भाग गुलाबी होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे क्षारता गमावलेला भाग रंगत नाही. तेथे पोलादाचे संरक्षण संपलेले असते.

विम्याच्या दाव्यातही कारणालाच महत्त्व असते. वादळ वा पूर यांपासून झालेली हानी पुष्कळ विमापत्रांत समाविष्ट असते. हळूहळू होणारी झीज व गंज बहुधा वगळलेले असतात. एकाच पडलेल्या भिंतीची भरपाई मिळणे वा न मिळणे यावरच ठरते.

तज्ज्ञाचे मत १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ अन्वये ग्राह्य होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तशीच तरतूद आहे. तथापि तज्ज्ञ निवाडा करीत नाही. त्याचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असून, ते पारखता येईल अशी शास्त्रीय आधारसामग्री त्याने न्यायालयास पुरविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली हिमाचल प्रदेशातील एका खटल्यात स्पष्ट केले.

म्हणून गावात शाळेची भिंत, पाण्याची टाकी वा साकव कोसळल्यास प्रथम माणसे वाचवावीत. त्यानंतर मात्र ढिगारा उपसण्याची घाई करू नये. मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, पंचनामा करावा, नमुने मोहोरबंद करून त्यांवर स्थळ व दिनांक लिहावा आणि विमा कंपनीस तात्काळ कळवावे. ढिगारा एकदा हलविला, की त्याची साक्ष पुन्हा मिळत नाही.