विद्यापीठाचं लाईट बिल, हरितगृह वायू आणि फिरता निधी



हरितगृह वायू म्हणजे काय, हे आपण वर्गात शिकवतो. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड ही नावं मुलं धडाधड सांगतात. उपाय विचारले तर झाडे लावा, वीज वाचवा, सौर ऊर्जा वापरा, हेही सांगतात. पण एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, "सर, सोलर बसवायला पैसे कोण देणार?" आणि खरा धडा तिथून सुरू होतो. घरापुरतं उत्तर सोपं आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्यात ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ही योजना मात्र घरांसाठी आहे. विद्यापीठासारख्या मोठ्या संस्थेनं काय करायचं, ते आज पाहू.

आपल्या होटगीकडच्या माणसाला वीज कुठून येते हे वेगळं सांगावं लागत नाही. फताटेवाडीला एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १३२० मेगावॅट. पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाला. कोळसा रेल्वेनं येतो, पाणी उजनीचं. ही वीज देशाच्या जाळ्यात जाते आणि अनेक राज्यांना मिळते. त्या जाळ्यात जलविद्युत, पवन, सौर सगळंच मिसळलेलं असतं, तरी कोळशाचा वाटा मोठा. म्हणून देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुणे रस्त्यावर केगावला जाऊ. तिथं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. १ ऑगस्ट २००४ ला ते सुरू झालं. त्याआधी आपली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एकाच जिल्ह्यासाठीचं हे विद्यापीठ. अशा विद्यापीठात धुराडं नसतं, मग वायू कुठून निघतो? जनरेटरचं डिझेल, वसतिगृहाच्या मेसचा गॅस, गाड्या, आणि सगळ्यात जास्त विकत घेतलेल्या विजेतून. धूर निघतो फताटेवाडीसारख्या ठिकाणी, पण बटण दाबलं जातं वर्गात.

तर पैसा. पहिला मार्ग देणगीचा. आयआयटी मुंबईला ऑगस्ट २०२३ मध्ये एका माजी विद्यार्थ्यानं नाव न सांगता १६० कोटी रुपये दिले, हरित ऊर्जा आणि शाश्वतता यांवरच्या संशोधन केंद्रासाठी. छान गोष्ट आहे. पण वीस-बावीस वर्षांच्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी अजून स्वतःच्या घराचे हप्ते फेडत असतात. त्यांच्याकडून कोटींची अपेक्षा कशी करायची?

दुसरा मार्ग विद्यार्थ्यांच्या फीचा. अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००७ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःवरच दर सत्राला ५ डॉलर लावून घेतले आणि त्यातून हरित निधी उभा केला. मला हा मार्ग आपल्याकडे पटत नाही. अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या खेड्यातून एसटीचा पास काढून येणाऱ्या मुलीला आणखी शंभर रुपये मागायचे, तेही संस्थेचं बिल कमी व्हावं म्हणून? नको.

तिसरा मार्ग कार्बन क्रेडिट. ऐकायला भारी वाटतो. एक टन वायू कमी केला की एक क्रेडिट. भारत सरकारनंही जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. पण गणित करून बघा. १०० किलोवॅटचा सौर संच वर्षाला साधारण १ लाख ४० हजार युनिट देतो. गुणिले ०.७ किलो, म्हणजे ९८ टन. जेमतेम शंभर क्रेडिट! नोंदणी, मोजणी, तपासणी यांच्या खर्चातच ते संपायचे. मोठ्या कारखान्यांचा हा खेळ आहे.

चौथा मार्ग रेस्को. यात कंपनी स्वतःच्या पैशानं आपल्या छतावर संच बसवते आणि संस्था तिच्याकडून ठरलेल्या दरानं, बहुधा २५ वर्षं, वीज विकत घेते. सुरुवातीला खिशातून काही जात नाही. मात्र दर दरवर्षी वाढणार का, आणि मध्येच छत गळायला लागलं तर संच उतरवायचा खर्च कुणाचा, हे करारात वाचूनच सही करावी.

आता मला जो मार्ग आपल्या मातीतला वाटतो तो सांगतो. त्याला फिरता निधी म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठानं २००१ मध्ये ३० लाख डॉलर बाजूला काढून असा हरित कर्ज निधी नव्यानं चालू केला. पुढे तो १ कोटी २० लाखांपर्यंत वाढवला. विद्यापीठातल्याच एखाद्या विभागानं वीज वाचवण्याचं काम सुचवायचं, निधीतून बिनव्याजी पैसे घ्यायचे, आणि बिलात जी बचत होईल त्यातून साधारण पाच वर्षांत परत करायचे. परत आलेले पैसे पुढच्या विभागाला. वाचताना काही आठवलं का? आपल्या आयांचा बचत गट! गटातून कर्ज घेऊन शिवणयंत्र आणायचं, शिलाईच्या पैशातून हप्ता फेडायचा, मग तेच पैसे दुसरीच्या शेळीला. फरक एवढाच की गटात व्याज असतं.

एक उदाहरण सोडवू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. एका संस्थेत १००० जुने पंखे आहेत, प्रत्येकी ७५ वॅटचे. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅट घेतो. बचत ४५ वॅट. रोज ८ तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे एका पंख्यामागे ७२ युनिट. दर १० रुपये धरला तर ७२० रुपये. पंख्याची किंमत ३००० रुपये. सगळे बदलायला ३० लाख लागतील, आणि संस्थेकडे आहेत फक्त १० लाख. सोडून द्यायचं का?

नाही. १० लाखात ३३३ पंखे येतात. वर्षाअखेर त्यांची बचत सुमारे २ लाख ४० हजार. ती बाजूला ठेवून आणखी ८० पंखे. झाले ४१३. दुसऱ्या वर्षाअखेर ५१२, तिसऱ्या ६३५, चौथ्या ७८७, पाचव्या ९७६. सहाव्या वर्षी काम पूर्ण, आणि त्यानंतर दरवर्षी ७ लाख २० हजार मोकळे. युनिट वाचले ७२ हजार, म्हणजे वर्षाला ५० टन वायू कमी. मुलांना हा तक्ता फळ्यावर करायला लावा, चक्रवाढ वेगळी शिकवावी लागत नाही.

मग सगळीकडे असं का होत नाही? कारण पंखा ज्या खिशातून येतो आणि बिल ज्या खिशातून जातं ते दोन खिसे वेगळे आहेत. पंखे घेणं हा भांडवली खर्च. लाईट बिल हा आवर्ती खर्च. विद्यापीठाचा अर्थसंकल्प वित्त व लेखा समिती, व्यवस्थापन परिषद, अधिसभा अशा पायऱ्या चढतो. बिल कमी आलं की पुढच्या वर्षी त्या शीर्षाखालची तरतूदच कमी धरली जाते, आणि ज्यानं धडपड केली त्या विभागाच्या हाती काहीच राहत नाही. बचत झाली खरी, पण ती कुठं विरघळली ते कळत नाही. म्हणून मोठ्या रकमेपेक्षाही आधी एक वेगळं खातं लागतं, आणि कर्ज फिटेपर्यंत बिलाची तरतूद जुन्या रकमेचीच ठेवायची, असा लेखी ठराव लागतो. याला खर्च येतो एका बैठकीचा.

दुसरी अडचण मोजणीची. पंखे बदलले आणि त्याच वर्षी वरच्या मजल्यावर दहा एसी आले, तर बिल वाढणारच. हिशेबनीस विचारणार, बचत कुठाय? प्रत्येक इमारतीला वेगळा मीटर असेल तरच त्याला उत्तर देता येतं.

आणि एक धोका. लवकर पैसे फिटतात ती कामं, म्हणजे एलईडी आणि पंखे, सगळे आधी करतात. मग निधी थंडावतो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. तेव्हा छताला पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर वर्गात बसणं सुसह्य होतं, पण जिथं एसीच नाही तिथं बिलात त्यातलं फारसं दिसत नाही. अशी कामं बचतीच्या तराजूत हलकी पडतात. म्हणून पंख्याच्या बचतीतला थोडा वाटा अशा कामांसाठी आधीच राखून ठेवावा, असं माझं मत आहे. नाहीतर मुलं तापत्या छताखालीच बसतील आणि अहवालात मात्र टन कमी झालेले दिसतील.

स्वाध्याय : आपल्या शाळेचं मागच्या बारा महिन्यांचं लाईट बिल मुख्याध्यापकांना विचारून मिळवा. एकूण युनिट लिहा, त्याला ०.७ ने गुणा. मग वर्गातले पंखे आणि ट्यूब मोजून, ५००० रुपयांपासून सुरुवात केली तर किती वर्षांत सगळं बदलून होईल, त्याचा तक्ता वरच्यासारखा तयार करा.