पडवीतील रोपवाटिका आणि उन्हाळी परसबाग

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत ग्रामीण भागातील आठवडी बाजारात भाजीपाल्याची आवक रोडावते आणि दर चढू लागतात. विहिरींचे पाणी खालावलेले असते, शेतात उभे पीक थोडे असते. नेमक्या याच काळात सामान्य कुटुंबाच्या ताटातील भाजी कमी होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे सुचविले आहे. दुसरीकडे, २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळून आले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि केवळ परसबागेने तो दूर होईल, असे कोणी म्हणणार नाही. परंतु घराच्या मागील अंगणात रोज ताजी भाजी मिळू लागली, तर आहार सुधारण्याच्या दिशेने ते एक खात्रीचे पाऊल ठरते.

परसबागेचे महत्त्व आता सर्वांना पटले आहे. शाळांमध्ये, अंगणवाड्यांमध्ये तिला प्रोत्साहन दिले जाते. त्यासाठी बियाण्याची पाकिटेही वाटली जातात. तथापि, पाकीट हाती पडले म्हणजे बाग उभी राहिली, असे होत नाही. वांगी, टोमॅटो आणि मिरची यांचे बी अत्यंत बारीक असते. ते थेट अंगणात टाकले तर थंडीत उगवत नाही, उगवले तर मुंग्या आणि कोंबड्या ते शिल्लक ठेवत नाहीत, आणि उशिरा पेरले तर कोवळे रोप फाल्गुनाच्या उन्हात करपून जाते. बीजापासून रोप होईपर्यंतचा पहिला महिना हाच परसबागेचा सर्वांत नाजूक काळ होय. हा महिना छपराखाली, देखरेखीत पार पाडला, तर पुढचे काम सोपे होते. म्हणूनच, गावात बियाण्याच्या पाकिटांऐवजी तयार रोपे कशी वाटता येतील, याचा विचार होणे आवश्यक आहे.

उलट मोजणी

पेरणीची तारीख ठरविण्यासाठी लागवडीच्या तारखेपासून मागे मोजत यावे. देशावर आणि विदर्भ-मराठवाड्यात जानेवारीत रात्रीचे तापमान अनेक ठिकाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. निफाडसारख्या भागात ते त्याहूनही बरेच खाली जाते. दुधी, दोडका, कारले, काकडी यांच्या बियाण्याला उगवणीसाठी २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. त्यामुळे उघड्यावर पेरलेले बी जमिनीत कुजण्याचा संभव असतो. मात्र फेब्रुवारीच्या मध्यास थंडी ओसरते. तोपर्यंत रोपे तयार असावीत, अशा बेताने पुढीलप्रमाणे पेरणी करावी.

मिरची आणि वांगी यांच्या रोपांना सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणून ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरावीत. टोमॅटोचे रोप चार आठवड्यांत तयार होते. ते जानेवारीच्या मध्यास पेरावे. वेलवर्गीय भाज्यांना तीन आठवडे पुरतात. त्या जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात पेराव्यात. टोमॅटोच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. कडक उन्हात त्याचा फुलोरा गळतो. त्यामुळे खानदेश व विदर्भातील उष्ण गावांनी उन्हाळ्यात टोमॅटोऐवजी वांगी, मिरची, भेंडी आणि गवार यांवर भर द्यावा. कोकणात थंडी सौम्य असल्याने भाताच्या कापणीनंतर, याहून आधीही सुरुवात करता येते.

सर्वच भाज्यांची रोपे करावी लागत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, भेंडी, गवार आणि चवळी यांचे बी थेट वाफ्यात पेरावे. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे.

पडवीतील रोपवाटिका

रोपवाटिकेस फार मोठी जागा लागत नाही. ५० कुटुंबांना वांगी, टोमॅटो आणि मिरची यांची प्रत्येकी पाच रोपे द्यावयाची असतील, तर एकूण ७५० रोपे लागतील. ९८ कप्प्यांच्या दहा ट्रेंमध्ये, काही बी न उगवल्याची तूट धरूनही, एवढी रोपे होतात. हे दहा ट्रे साधारण एका बाजेइतकी जागा व्यापतात. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया असतात. वांगी व मिरचीच्या त्याहून काहीशा कमी. म्हणजे प्रत्येक भाजीचे दोन-तीन ग्रॅम बियाणे पन्नास घरांना पुरेसे होते.

ट्रे उपलब्ध नसल्यास तेलाचे रिकामे डबे, पसरट खोकी किंवा जुन्या घमेल्यांचा उपयोग करावा. तळाशी छिद्रे पाडणे मात्र अनिवार्य आहे. पोयट्याची माती, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि बारीक वाळू ही समभाग घेऊन चाळून भरावीत. कच्चे शेणखत कधीही वापरू नये. त्याच्या उष्णतेने रोप मरते आणि हुमणीसारख्या किडी येतात. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, ओळीत आणि विरळ पेरावे. बियाण्यावर आधीच रासायनिक प्रक्रिया केलेली नसेल, तर त्यास ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी किलोस पाच ग्रॅम या प्रमाणात चोळावी. आपल्या थोड्या बियाण्यास तिची चिमूटही पुरते.

वेलवर्गीय रोपांची मुळे दुखावलेली त्यांना सोसत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी वर्तमानपत्राच्या कागदी पुड्या, नारळाच्या करवंट्या अथवा दुधाच्या रिकाम्या पिशव्या घेऊन प्रत्येकीत दोन बिया लावाव्यात. कारल्याचे टरफल कठीण असते. त्याचे बी दिवसभर पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून चुलीपासून हातभर अंतरावर उबेला ठेवावे आणि मोड दिसू लागताच लावावे.

उगवणीपर्यंत ट्रे गोणपाटाने झाकून घरातील उबदार जागी ठेवावेत. चौथ्या दिवसापासून ते रोज उघडून पाहावेत. टोमॅटो सुमारे आठवड्याभरात, तर मिरची दहा-बारा दिवसांत उगवते. थंडी अधिक असल्यास आणखी काही दिवस लागतात. पहिले अंकुर दिसताच आच्छादन काढून ट्रे उजेडात आणावेत. घरात रोपे करणाऱ्यांचा अनुभव असा, की चूक बहुधा येथेच होते. रोप थंडीने गारठेल या भीतीने ते अंधारात ठेवले जाते आणि मग ते उजेडाच्या शोधात लांबट, फिके आणि लुळे होते. अशी रोपे पुढे सावरत नाहीत. पौष-माघात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून दक्षिणेकडील किंवा पूर्वेकडील पडवी यासाठी उत्तम. रात्री ट्रे आत घ्यावेत, सकाळी बाहेर ठेवावेत आणि रोप एका बाजूस झुकू नये म्हणून ते रोज फिरवावेत.

पाणी सकाळी आणि बारीक छिद्रांच्या झारीने द्यावे. माती सतत चिंब राहिली आणि रोपे दाट असली, तर ती जमिनीलगत मऊ पडून एका रात्रीत आडवी होतात. हा रोप कोलमडण्याचा रोग होय. तो बुरशीमुळे होतो आणि त्यावर उपचारापेक्षा पाण्याचा संयम अधिक गुणकारी आहे. मिरची व टोमॅटोची पाने वळविणारा रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. ती रोखण्यासाठी ट्रेवर बारीक विणीची नायलॉनची जाळी ताणून बसवावी.

लागवडीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी कमी करावे आणि रोपांना उन्हा-वाऱ्याची सवय करावी. छपराखालचे रोप एकदम उन्हात नेऊन लावले, तर महिन्याभराचे श्रम एका दुपारी वाया जातात.

परसातील जमीन

रोपे पडवीत वाढत असताना अंगणातील काम उरकून घ्यावे. दिवसातून सहा तास ऊन आणि जवळ पाणी असलेली जागा निवडावी. जमीन खोदून आठ दिवस तापू द्यावी, दगड आणि हरळीच्या काशा वेचाव्यात आणि प्रत्येक चौरस मीटरला दोन-तीन किलो कुजलेले खत मिसळावे. वेलांसाठी कुंपणालगत किंवा मांडवाच्या खांबाशी हातभर खोल आणि तितक्याच रुंदीची आळी घ्यावीत. वांग्यास दोन फूट, टोमॅटो व मिरचीस दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. लागवड सायंकाळी करावी, लगेच पाणी द्यावे आणि पहिले तीन-चार दिवस पळसाच्या पानांची किंवा डहाळ्यांची सावली करावी.

उन्हाळी बागेचे भवितव्य पाण्यावर अवलंबून असते. उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा पालापाचोळा यांचे चार बोटे जाडीचे आच्छादन केल्यास ओलावा टिकतो आणि पाण्याच्या पाळ्या कमी होतात. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी निःशंकपणे घालावे. कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी मात्र घालू नये.

बियाण्याचा प्रश्न

संकरित वाणाचे उत्पन्न चांगले असले, तरी त्यापासून धरलेल्या बियाण्यातून तसेच पीक मिळत नाही. म्हणून परसबागेस सरळ अथवा सुधारित वाण घ्यावेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी, राहुरीच्या विद्यापीठाचा ‘सम्राट’ दुधी आणि ‘हिमांगी’ काकडी ही काही परिचित नावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरी टिकून असलेली गावरान वाणे जमवून त्यांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक गावातील वयस्क स्त्रियांकडे गाडग्या-मडक्यांत राखेत ठेवलेले वाल, घेवडा, दोडक्याचे बी असते. शाळेने त्याची नोंद केली, तर तो मुलांसाठी एक मोलाचा अभ्यास ठरेल.

गावाने करावयाचे नियोजन

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत शालेय भोजनात प्राथमिक वर्गांसाठी दरडोई ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७५ ग्रॅम भाजी निश्चित केलेली आहे. शाळेची बाग यास हातभार लावू शकते. परंतु मे महिन्यात शाळा बंद असतात आणि पाण्याअभावी बागा वाळतात, ही वस्तुस्थिती आहे. यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात शाळेने मोठी बाग करण्याऐवजी रोपवाटिका सांभाळावी. विद्यार्थ्यांनी उगवणीच्या नोंदी ठेवाव्यात, रोपे वाढवावीत आणि फेब्रुवारीच्या मध्यास ती घरी न्यावीत. घरी रोजचे सांडपाणी असते आणि लक्ष ठेवणारी माणसेही असतात. शाळेच्या आवारात जी थोडी बाग राहील, तिच्या सुट्टीतील पाण्याची जबाबदारी एखाद्या महिला बचत गटाने घ्यावी आणि त्या काळातील भाजी त्यांच्याच घरी जावी.

ग्रामपंचायतीने डिसेंबरच्या मासिक सभेतच तीन गोष्टींचा निर्णय घ्यावा : रोपे कोणाच्या पडवीत वाढतील, बियाणे कोण आणील आणि कोणत्या घरांना रोपे प्रथम मिळतील. गरोदर स्त्रिया आणि कमी वजनाची बालके असलेल्या घरांची माहिती अंगणवाडी सेविकेकडे असतेच. त्या घरांना अग्रक्रम असावा. तांत्रिक सल्ला कृषी सहायक आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राकडून घेता येईल.

वाटप किती पाकिटांचे झाले, यावर या कार्यक्रमाचे यश मोजू नये. एप्रिलच्या अखेरीस किती अंगणांत दुधीचे वेल मांडवावर चढले आहेत आणि किती घरांत वांग्यांचा तोडा सुरू झाला आहे, हे पाहावे. त्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. गरज आहे ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कामास लागण्याची.