सोयाबीन कढईसाठी, टिलरसाठी नव्हे

भाताच्या खाचरात सोयाबीन तग धरत नाही, पाणी साचले की मुळे कुजतात. हे मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पण माळावर किंवा वरकस उतारावर ज्यांनी यंदा ते पेरले आहे, त्यांनी आता परतीच्या पावसावर नजर ठेवावी. शेंगा पिवळट-तपकिरी होऊन पाने गळाली की उघडीप बघून कापणी उरकावी. कापलेले पीक भिजून ढिगात तापले, तर दाण्यातल्या तेलात मोकळी आम्ले वाढतात. असे तेल शुद्ध करताना तूट जास्त येते आणि त्याचे बायोडिझेल करायला जावे तर साबण धरतो. मळणीयंत्राचा वेग मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांवर ठेवावा. फुटलेला दाणा लवकर खवट होतो. ओलावा १० टक्क्यांवर आल्याशिवाय पोती शिवू नयेत.

दाण्यात प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास, तेल मात्र १८ ते २० टक्केच. तेही कारखान्यात द्रावक वापरून निघते. गावच्या घाण्यावर बरेच कमी. म्हणजे मोल पेंडेचे जास्त. या तेलात निम्म्याच्या वर लिनोलेइक आम्ल, पाव हिस्सा ओलेइक आणि ७-८ टक्के लिनोलेनिक असते. हे शेवटचे शरीराला हितकर, पण उष्णता आणि हवा लागली की सर्वांत आधी तेच बिघडते. फोडणीला हे तेल उत्तम. तेच तेल पुन्हा पुन्हा तळणीला मात्र नको. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १४७ या वाणात ओलेइकचे प्रमाण ४० टक्क्यांवर नेले आहे, ते याचसाठी.

डिझेल महागले म्हणून पॉवर टिलरमध्ये खायचे तेल ओतू नये. ते डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट असते. नोझल चोंदते, इंजिनात काजळी बसते. मिथेनॉलची प्रक्रिया करून घट्टपणा उतरतो, पण मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही. हा उद्योग घरी करायचा नव्हे. अमेरिकेत सोयातेलाचे बायोडिझेल चालते. पण आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. ताजे तेल जाळणे आपल्याला परवडणारे नाही. २०१८च्या जैवइंधन धोरणाचा रोख म्हणूनच तळून उरलेल्या तेलाकडे आहे. पुन्हा पुन्हा तळल्याने ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेलेले तेल १ जुलै २०१८पासून खाण्यासाठी वापरता येत नाही. शेतीला जोड म्हणून कल्याण-डोंबिवलीत किंवा ठाण्यात वडापावची गाडी चालवणाऱ्यांनी असे तेल गटारात ओतू नये, दुसऱ्या गाडीवाल्याला विकू नये. नोंदणीकृत संकलकालाच द्यावे.